खंड्या अजून येतो का?

दिनकर,

तुझ्या शोकसभेला तुझा फोटो मिळाला नाही. तू कधी काढून घेतलाच नव्हतास. दवाखान्याच्या खुंटीवर तुझी खाकी सोला टोपी राहिली होती, कडेला घामाने काळी पडलेली. ती पाटलांनी शाळेतल्या माझ्या खुर्चीवर ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला. हार टोपीपेक्षा मोठा, तो घसरून खुर्चीच्या हातावर लोंबकळला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "डॉक्टर आता उठून शिव्या देतोय बघ." मला हसू आलं, आणि ते लपवायला मान खाली घालावी लागली. लोकांना वाटलं, गुरुजी रडतायत.

सगळे चांगलंच बोलले. तू देवमाणूस होतास, गरिबांचा कैवारी होतास, शांत स्वभावाचा होतास. शांत! तुझ्या तोंडच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा एक माणूस त्या सभेत नव्हता. मला वाटत होतं, कोणीतरी उठून म्हणावं की हा तुसडा होता, हट्टी होता, याच्याशी जमवून घेणं अवघड होतं. म्हणजे मग तू गेलास हे मला खरं वाटलं असतं. पण ते म्हणायचं काम माझंच होतं, आणि मी उठलो नाही.

शेवटी शिवाप्पा पाटील बोलले. त्यांची पद्धत तुला माहीत आहे. आधी घसा साफ करतात, मग गावावर उपकार केल्यासारखं एकेक वाक्य सोडतात.

"डॉक्टरसायबांचं नाव ऱ्हायाला पायजे. तर आमी ठरीवलंय, बारव साफ करायची. पार तळापातूर. शेवाळ, गाळ, मासं, बेडकं, समदं भाईर. चुना मारायचा, पायऱ्यांना शिमिट लावायचं, आन वरच्या पायरीला डॉक्टरांच्या नावाची फरशी. मागं गुरुजींनी एकदा केलंच हुतं की. मामलेदार सोता येऊन शाबासकी दिऊन गेला. तवा आताबी गाळाची पयली पाटी गुरुजींच्याच हातानं भाईर काढायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. दाराजवळ बायकांत मल्लव्वा बसली होती, उजवा पाय लांब करून, कारण तिचा तो गुडघा वाकत नाही. तिनेही वाजवल्या.

ज्या विहिरीला तू इतकी वर्षं एकट्याने जगवलंस, तिला तुझ्या नावाने पुन्हा मारायचं, आणि तेही माझ्या हाताने.

तुला ती आपली पहिली संध्याकाळ आठवते का? तू सोलापुरातून नवा आलेला, गिरणीच्या भोंग्यावर उठायची सवय असलेला, आणि इथे भोंगा नाही म्हणून रोज उशिरा उठणारा. आपण बारवेच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. समोर पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या, आणि बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवत होत्या. तू खाली जाऊन काचेच्या पेल्यात पाणी घेऊन आलास, उन्हाकडे धरलंस आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलंस.

"काय दिसतं, सदोबा?"

"पाणी."

"उगाच नाही तुला हेडमास्तर केलं. नीट बघ."

मग दिसले. पांढरे ठिपके, मोहरीहूनही बारीक, झटके देत पोहणारे. तू म्हणालास, ही पाणपिसू. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, नारू त्याच्या फोडातून आपली पिल्लं पाण्यात सोडतो, ती ही पाणपिसू गिळते आणि पाणपिसूला आपण गिळतो. पुढच्या उन्हाळ्यात आपल्याच पायातून दोऱ्यासारखा नारू बाहेर येतो. मी ताबडतोब थुंकलो. तू इतका हसलास की खालच्या बायका वर बघायला लागल्या.

"घाबरू नकोस. तिला खाणारे आहेत." आणि तू पाण्याकडे बोट केलंस. बोटाएवढे मासे, पाठीवर काळी रेघ असलेले, शेवाळाच्या कडेकडेने फिरत होते. "ते आहेत म्हणून गावात एखाद्यालाच नारू होतो. ते नसले तर गावालाच होईल."

तेवढ्यात वरच्या तुळईवरून एक निळी ठिणगी पडावी तसा खंड्या पाण्यात कोसळला आणि मासा घेऊन पुन्हा तुळईवर जाऊन बसला. बाकीचे मासे शेवाळात गडप झाले. मी म्हणालो, "हा तर तुझे शिपाईच खातोय. याला आधी हाकलायला हवा." तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी पाढे चुकणाऱ्याकडे बघतो.

"हाकल. मग मासे वाढतील, एकमेकांचं खाणं खातील, उन्हाळ्यात पाणी आटलं की दाटीने मरून वर येतील आणि ते पाणी तू पिशील. त्याला जेवू दे. शेवाळाला राहू दे. ती दिवड, पाण्यातला साप, बेडकं खाते, तिला खाऊ दे. कासव मेलेलं खातं, त्याला तर नमस्कार कर. आपण सोडून इथला प्रत्येकजण काम करतोय."

"तू डॉक्टर आहेस की भोई?" मी विचारलं.

"भोयाला जास्त कळतं असं म्हणणार होतो, पण त्यालाही कळत नाही. तो मासे विकतो आणि मी औषधं विकतो. विहीर कशी चालते ते विहिरीलाच ठाऊक. मी नुसता बघतोय."

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी आपण तिथे बसलो. तुझ्याइतकं माझ्याशी आयुष्यात कोणी बोललं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू ऐकून घेतलंही नसतंस.

मग अक्कलकोटच्या बाजूला पटकीची साथ आली. माझी आई पटकीने गेली हे तुला ठाऊक होतं. सकाळी तिने मला शाळेत पाठवलं आणि मी परत आलो तेव्हा अंगणात ओल्या गोवऱ्यांचा धूर आणि लोकांची गर्दी होती. अक्कलकोटची बातमी कळली त्याच दिवशी मी गाव गोळा केलं. म्हटलं, बारव उपसायची. पाटलांना ते पटलं, कारण मी शिकलेला आणि बोलायला चांगला. तू दवाखान्यातून तसाच, हाताला औषध लागलेलं, धावत आलास.

"उपसू नको. लाल औषध मी देतो, ते बेताने टाकू. पाणी उकळून प्या म्हणून दवंडी दे. पण उपसू नको."

"घाण काढायलाच हवी, दिनकर."

"घाण कशाला म्हणतोस? जे हलतं ते घाण?"

"हो. पिण्याच्या पाण्यात जे हलतं ते सगळं घाण."

हे वाक्य मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. फळा पुसल्यासारखी ती विहीर मला कोरी हवी होती. फळ्यावर आधी काय लिहिलेलं होतं ते मी वाचलंच नव्हतं, आणि तू वाचून दाखवलेलं मला नको होतं.

इथे माझी तुझ्याशी तक्रार आहे. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी जिवंतपणी पुरतं भांडलो नाही, म्हणून आता भांडतो. तू डॉक्टर होतास. तू पाटलांना घरी जाऊन समजावू शकत होतास. ओरडू शकत होतास, दवाखाना बंद करतो म्हणू शकत होतास. तू काय केलंस? "ठीक आहे, हेडमास्तर. विहीर तुमची आणि अक्कलही तुमची," असं म्हणालास आणि सायकलवर टांग टाकून होटगीच्या रस्त्याला लागलास. तुझा अहंकार दुखावला होता. माझ्या चुकीत तुझ्या त्या सायकलीचाही वाटा आहे. हे लिहिताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

मोटा लावून आम्ही बारव उपसली. मासे पाट्यांतून घरोघर गेले, तळून खाल्ले गेले. दिवड काठ्यांनी मारली. शेवाळ उन्हात वाळत टाकलं, त्याचा वास वळसंगच्या रस्त्यापर्यंत गेला. कासवाला कोणी मारलं नाही, ते देवाचं म्हणून बैलगाडीत घालून लांबच्या ओढ्याला सोडलं, आणि ओढा तर कोरडा होता. मग चुना. मग झऱ्यांतून नवं पाणी आलं आणि ते इतकं नितळ होतं की तळाचे दगड दिसत होते. लोक नुसते बघायला यायचे. खंड्या काही दिवस तुळईवर येऊन बसत राहिला, खाली बघत. मग यायचा थांबला. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, आता त्याची विष्ठाही पाण्यात पडणार नाही.

पटकी आपल्या गावात आली नाही. मामलेदार आले, पाणी प्यायले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वर्षभर मी ताठ मानेने फिरलो. नारूची चाल अशीच असते, नाही का? प्यायचं या उन्हाळ्यात आणि भोगायचं पुढच्या. मधल्या काळात माणसाला हार घालून घ्यायला वेळ मिळतो.

पुढच्या उन्हाळ्यात गाव बसलं. खरोखरीच खाली बसलं. ओट्यांवर, झाडाखाली, दवाखान्याच्या पायरीवर माणसं पाय लांब करून बसलेली. नांगरट राहिली. तू सकाळपासून काडीवर नारू गुंडाळत बसायचास, प्रत्येकाचा रोज थोडासा, तुटू नये म्हणून जीव मुठीत धरून. मल्लव्वाचा गुडघ्यात निघाला होता. ती शाळेत पाणी भरायची. तुझ्याकडे यायला वेळ नव्हता म्हणून तिने घरीच ओढला आणि तो आत तुटला. गुडघा सुजला, पिकला, फुटला आणि भरून आला तेव्हा लाकडासारखा झाला होता. तेव्हापासून ती शाळेत पाणी भरत नाही, पडवी झाडते. पाय लांब टाकून, बसून, सरकत सरकत. रोज माझ्या खोलीच्या दारासमोरून.

लोक म्हणाले, औंदा नारूचं साल हाय. जसं पावसाचं असतं, टोळांचं असतं, तसं नारूचं. कोणीही विहिरीकडे बोट दाखवलं नाही. विहीर तर गुरुजींनी साफ केली होती.

शाळा सुटल्यावर तू माझ्या खोलीत आलास. पेला टेबलावर ठेवलास आणि भिंग त्याच्याशेजारी. मला भिंगाची गरज पडली नाही. तांदळाच्या कण्या उकळाव्यात तसं ते पाणी नुसतं खदखदत होतं.

"तुझं स्वच्छ पाणी," तू म्हणालास.

मी विचारलं, "गावाला सांगणार आहेस?"

"सांगून? लोक तुला चोपतील. त्याने विहिरीत मासे थोडेच येणार आहेत?"

एवढंच बोलून गेलास. आणि खरंच कोणाला कधी सांगितलं नाहीस. आधी मला ती तुझी दया वाटली. पुढे शिक्षा वाटायला लागली, की याने आपल्याला या गावात असंच चांगलं म्हणवून घेत जगायला सोडलंय. आता या वयात वाटतं, दोन्ही नव्हतं. माझा विचारच तुझ्या डोक्यात नव्हता. तुला मासे हवे होते.

मग तू ते आणायला लागलास. होटगीच्या तलावावरून रॉकेलच्या डब्यात, बैलगाडीतून, डब्यावर ओलं फडकं टाकून. पहिले सोडलेस ते टिकले नाहीत. नितळ पाण्यात त्यांना लपायला जागा नव्हती, आणि खंड्या कुठूनसा परत आला आणि त्याने वेचून खाल्ले. मग तो पुन्हा गेला. मग तू शेवाळ आणलंस, दगडांना बांधून पाण्यात सोडलंस. बायकांनी आरडाओरडा केला, डॉक्टर हिरीत घाण टाकतोय म्हणून, आणि ते बाहेर फेकलं. तू पुन्हा टाकलंस. त्यांनी पुन्हा फेकलं. "पाण्यात पाय घालू नका, वरून दोर सोडा," असं तू ज्याला त्याला सांगत राहिलास आणि लोक हसत राहिले. "डॉक्टर, पाय भिजल्याबिगर घागर भरती व्हय?" काही वर्षांनी शेवाळ धरलं, मासे धरले, नारू हळूहळू उतरला. तेव्हाही लोक म्हणाले, गेलं बाबा नारूचं साल.

शाळेच्या खिडकीतून बारवेची वाट दिसते. गाडीतून डबा उतरवताना तुला तो एकट्याला पेलायचा नाही. तू एक बाजू उचलून, दुसरी गुडघ्यावर टेकवून, वाकडा वाकडा चालायचास. पाणी तुझ्या धोतरावर सांडायचं. डब्याला दुसऱ्या बाजूलाही कडी होती. मी खडू हातात धरून बघत उभा राहायचो, आणि मग वळून शिकवायला लागायचो. उपसण्यापेक्षा ही खिडकी मला जास्त छळते. उपसताना मला कळत नव्हतं.

आपण बोलत होतो, नाही असं नाही. "काय हेडमास्तर", "काय डॉक्टर". पायरीवर मात्र पुन्हा बसलो नाही. मी घरी जायला देवळामागची लांबची वाट धरली, ती सोडलीच नाही.

तू मुदतीच्या तापाने सोलापुरात बहिणीकडे पडून आहेस असं कळलं तेव्हा मी होटगीहून गाडीत बसलो. सगळ्या वाटेत एकच वाक्य घोकत होतो. दिनकर, चूक माझी होती. साधं वाक्य. पहिलीतलं पोरही वाचेल असं. ताईंनी मला तुझ्या उशाशी बसवलं आणि चहा टाकायला गेल्या. तू इतका वाळला होतास की पांघरूण सपाट दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी तू डोळे उघडलेस.

"सदोबा. खंड्या अजून येतो का रे?"

मी वर्षानुवर्षं त्या वाटेला गेलो नव्हतो. मला ठाऊक नव्हतं.

"येतो," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. ताईंनी मला खुणेने उठवलं, झोपू द्या म्हणून. मी चहा पिऊन परत निघालो. वाटलं, येत्या रविवारी पुन्हा येईन तेव्हा बोलू. रविवारच्या आत तू गेलास. ते वाक्य तसंच माझ्या तोंडात राहिलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी बारवेवर गेलो. काय काय उभं केलं होतंस तू! शेवाळाच्या कडेने काळ्या रेघेचे मासे. भिंतीच्या कपारीत दिवडीची कात. एका नव्या कासवाने डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं आणि ओळख न दाखवता खाली गेलं. मी दुपारभर थांबलो. खंड्या आला नाही.

ठरल्या दिवशी सगळे बारवेवर जमले. मोटा, पाट्या, चुन्याची पोती. पाटलांनी नवी पाटी माझ्या हातात दिली. मी ती जमिनीवर ठेवली आणि बोललो. इतक्या वर्षांनी, सगळ्यांच्या समोर. म्हणालो, ही विहीर मी उपसली म्हणून मासे गेले, मासे गेले म्हणून पाणपिसवा माजल्या, त्यामुळे गाव नारूने बसलं. तो नारू देवाने आणला नाही, मी आणला. मल्लव्वाचा गुडघा माझ्यामुळे गेला. डॉक्टरांनी विहीर पुन्हा जिवंत केली. तिला हात लावू नका.

मला वाटलं, आता दगड येईल. यायला हवा होता.

पाटील पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, डोस्कं शांत ठिवा. जिवाभावाचा मानूस गेलाय, आमाला कळतंय की."

"मी खरं सांगतोय, पाटील."

"तुमी तवा हीर साफ केली, ते पुण्याचं काम," मागून एकजण म्हणाला. "त्याला सोताच पाप म्हनायलेत. किती मोठं मन बगा."

मी मल्लव्वाकडे वळलो. हात जोडले. ती घाबरली, मग हसायला लागली. "यप्पा! मासं न्हाईत म्हनून नारू व्हतोय व्हय? आदी सांगायचं न्हाई का गुरुजी, माशांच्या तोंडातच पाय दिला असता की मी!" सगळे हसले. तीही हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "माझ्या नशिबात हुता त्यो. तुमी कशाला अंगावर घेताय?"

माझा गुन्हा मी भर गावात मांडला आणि कोणी तो घ्यायलाच तयार नव्हतं. पाटलांनी मोटेकऱ्याला खूण केली.

तेवढ्यात पाटलांचा वळू आला. त्यांच्या वडिलांच्या नावाने देवाला सोडलेला, सगळ्या गावाची शेतं खाऊन माजलेला. त्याने फरशीजवळ ठेवलेला झेंडूचा हार ओढला आणि सावकाश खायला लागला. कोणी त्याला हाकललं नाही. एका बाईने तर पुढे होऊन त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला. मी त्या वळूकडे बघत होतो आणि माझं तोंड आपोआप बोलायला लागलं.

"डॉक्टरांनी जाताना मला सांगितलंय. हे मासे, हे कासव त्यांनी स्वतःच्या नावाने सोडलेत. तुमच्या वडिलांच्या नावाने हा वळू सोडलाय, तसेच."

पाटलांनी पायातली पायताणं काढली.

"मग ह्ये आदी सांगायचं न्हाई का, गुरुजी? सोडल्याली जित्राबं मारून आमी कुटं फेडलं असतं?"

पाट्या उचलल्या गेल्या. चुन्याची पोती गाडीत परत गेली. मल्लव्वाने जागेवरूनच पाण्याकडे हात जोडले आणि विचारलं, "आनि काय म्हनले डॉक्टर?"

आणि मला कळलं, हे किती सोपं आहे. "म्हणाले, त्या पाण्यात कोणी पाय घालायचा नाही. वरूनच दोर सोडायचा."

"बरं," मल्लव्वा म्हणाली.

बरं! दिनकर, तू घसा फोडून सांगितलंस, शिव्या दिल्यास, भिंग दाखवलंस, आणि ते हसले. आता नुसतं बरं.

वरच्या पायरीवर आता हळदीकुंकू आहे. तुझ्या नावाची फरशी बसली आहे आणि तिच्यावर कोणी ना कोणी रोज फूल ठेवतं. अमावास्येला नारळ फोडून गेलं कोणीतरी. काल एक नवी सून घागर घेऊन खाली उतरत होती, तर मल्लव्वा शाळेच्या पडवीतून ओरडली, "ए पोरी, पाय घालू नगंस! डॉक्टर हाय तितं!" ती पोर चटकन वर आली. तुला किती राग येईल ते मला ऐकू येतंय. ज्याला देवळात चप्पल काढायचा कंटाळा यायचा, त्याला मी देव करून ठेवलं. तुझ्या सगळ्या बोलण्याचा मी असा शेवट केला. पण पाण्यात पाय पडत नाही, मासे आहेत, आणि तुझ्याशिवाय मला दुसरी वाट सापडली नाही. हे मासिकात छापून आलं की सोलापुरातले आपले मित्र वाचतील आणि हळहळतील. गावात वाचेल अशी भीती नाही. इथे मासिक येतं ते माझ्याच नावावर.

या आठवड्यात खंड्या आला. मी बघितला. तुझ्या उशाशी न बघता बोललो होतो ते उशिरा का होईना खरं झालं. तो तुळईवर बसला, खाली कोसळला आणि काळ्या रेघेचा एक मासा घेऊन उडाला. आणि बारवेवर एकच कल्लोळ उठला. "डॉक्टरचा मासा नेला! डॉक्टरचा मासा नेला!" बायका रडायला लागल्या. पाटलांनी गोफण घेऊन एक माणूस बसवायचं ठरवलं आहे. तू पायरीवर सांगितलेलं मी त्यांना सांगून बघितलं, की मासे दाटतील, उन्हाळ्यात मरतील. त्यांनी ऐकून घेतलं, जसं माझं खरं बोलणं नेहमी ऐकून घेतात. मग आज शाळा सुटताना सगळे माझ्या दारात आले. पाटील म्हणाले, "गुरुजी, पाखराबद्दल डॉक्टर काय बोलले हुते का?"

मी म्हणालो, उद्या सांगतो.

यावेळी मला खोटं बोलावं लागणार नाही. तू त्याच्याबद्दलच विचारलं होतंस. शेवटचं जे काही तू माझ्याशी बोललास ते त्या पाखराबद्दलच होतं. ते मी आजवर ताईंनाही सांगितलेलं नाही. तू माझ्या चुकीबद्दल विचारू शकला असतास, ते न विचारता मला सदोबा म्हणालास आणि खंड्याची चौकशी केलीस. माझ्याकडे तुझं एवढंच आहे. उद्या ते त्यांना दिलं की त्यावरही कुंकू पडेल, त्याचंही काहीतरी होईल, आणि मग ते माझं राहणार नाही.

उद्या सांगतो.